उपग्रहाच्या चित्रात आपले क्षारपड शिवार



गळीत हंगाम आटोपत आला, की आपल्या या अंकात टनेज, उतारा आणि उसाचा हप्ता यांचीच चर्चा जास्त असते. ती असायलाच पाहिजे. पण ज्या जमिनीवर हे सारे उभे आहे, त्या जमिनीचा ताळेबंद मात्र क्वचितच मांडला जातो. नदीकाठच्या आणि पाटाखालच्या आपल्या गावांत अशी राने आहेत, की जिथे आजोबांनी ऊस काढला, वडिलांनी ऊस काढला आणि आज तिथे वेडी बाभूळ व लव्हाळा याखेरीज काही येत नाही. सातबाऱ्यावर ती जमीन बागायत आहे. कारखान्याचा शेअर तिच्याच जोरावर घेतलेला आहे. पण वजनकाट्यावर तिची एक मोळी येत नाही.

अशा जमिनी नेमक्या किती, कोठे आणि वाढताहेत की कमी होताहेत, हे सांगणारे गावनिहाय चित्र आपल्यापाशी नव्हते. गेल्या हंगामात ते तयार करण्याची सुरुवात झाली, आणि ती केली एका विद्यार्थिनीने. भू-माहितीशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेली ही मुलगी चार महिने आपल्या शेती विभागात राहून काम करून गेली. याला आजकाल इंटर्नशिप म्हणतात. आपल्याकडे जुना शब्द आहे उमेदवारी. तोच आम्ही या लेखात वापरणार आहोत. उपग्रहाच्या चित्रांवरून कार्यक्षेत्रातील क्षारपड व पाणथळ जमिनी शोधायच्या आणि जमीन संधारणाचे काम कोठून सुरू करावे याचा नकाशा करायचा, हा तिच्या उमेदवारीचा विषय. "काम छापा, नाव नको," असे तिने बजावल्यामुळे नाव देत नाही. एवढेच सांगतो, की ती दुष्काळी तालुक्यातल्या शेतकऱ्याची मुलगी आहे. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "आमच्याकडं पाणी नाही म्हणून रान पडीक, आणि तुमच्याकडं पाणी जास्त म्हणून."

उपग्रह नेमके काय पाहतो?

उपग्रह फोटो काढतो असे आपण सहज म्हणतो. खरे म्हणजे तो मोजमाप करतो. सूर्याचा उजेड जमिनीवर, पिकावर, पाण्यावर पडतो आणि परत फिरतो. कोणत्या रंगाचा उजेड किती परत आला, हे उपग्रहावरील यंत्र मोजते. आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेडही त्याला दिसतो, आणि शेतीच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे.

निरोगी हिरवे पान लाल उजेड खाऊन टाकते आणि अवरक्त उजेड मोठ्या प्रमाणात परत फेकते. पीक मुळातून आजारले, विरळ झाले किंवा सुकू लागले, की हा हिशेब बिघडतो. लाल आणि अवरक्त या दोहोंच्या फरकावरून जो आकडा काढतात, त्याला वनस्पती निर्देशांक म्हणतात. उसाने सऱ्या झाकल्या की हा आकडा चढतो, तोड झाली की पडतो. याउलट जमिनीवर मीठ फुलले, म्हणजे वरचा थर वाळून पांढरा पापुद्रा आला, की सगळ्याच रंगांचा उजेड जास्त परत येतो आणि चित्रात ते रान चमकते.

आता हे चित्र किती बारीक असते ते आपल्या मापात सांगतो. अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह जुलै १९७२ मध्ये सुटला. त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा सुमारे दीड एकराचा तुकडा. आपल्या देशाचा नियमित सेवेतला पहिला दूरसंवेदन उपग्रह आय.आर.एस.-१ए हा १७ मार्च १९८८ रोजी सुटला. त्याच्या एका कॅमेऱ्याचा ठिपका सव्वा एकराहून थोडा मोठा होता आणि दुसऱ्याचा सुमारे तेरा गुंठ्यांचा. १९८० नंतरच्या लँडसॅटमध्ये ठिपका नऊ गुंठ्यांवर आला. २०१५ सालापासून युरोपचे सेंटिनेल-२ मालिकेतले उपग्रह फिरत आहेत. त्यांच्या चित्रातला ठिपका दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद आहे. म्हणजे एक आर, अर्थात जवळजवळ बरोबर एक गुंठा. तुमच्या एक एकर फडाचे चाळीस ठिपके झाले. मालिकेतले दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी तीच जागा पुन्हा पाहतात.

आणखी एक गोष्ट. ही चित्रे फुकट मिळतात. लँडसॅटचा जुना साठा २००८ सालापासून सर्वांना खुला झाला. त्यामुळे एखादे रान पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी कसे होते आणि आज कसे आहे, हे शेजारी शेजारी ठेवून पाहता येते. तिच्या कामाला लागले ते एक संगणक, फुकट मिळणारी क्यूजीआयएस ही नकाशाची प्रणाली, एक मोबाइल आणि पायात दणकट चपला.

शेतीतूनच आलेली विद्या

ही विद्या परदेशी आणि आपल्या कामाची नाही, असे कोणी समजू नये. भारतात तिची सुरुवातच शेतीच्या रोगापासून झाली. १९७० च्या सुमारास केरळात नारळाला मूळकुजीचा रोग लागला होता. डॉ. पिशारोटी यांच्या पुढाकाराने शास्त्रज्ञांनी हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर माडांची चित्रे घेतली. जमिनीवरून धडधाकट दिसणारे काही माड त्या चित्रात आजारी दिसले. आपल्याकडच्या दूरसंवेदनाचा हा पहिला धडा मानला जातो. हेच पिशारोटी पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेचे पहिले संचालक होते.

बहात्तर सालचा दुष्काळ आपल्या जुन्या सभासदांना आठवत असेल. माणसे खडी फोडायला जात होती, सुकडीवर दिवस निघत होते. त्याच वर्षी तो पहिला लँडसॅट आकाशात गेला होता. त्याच्या चित्रांवरून पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेने देशातल्या जंगलाचा हिशेब मांडला. १९७२ ते १९७५ या काळात देशाच्या सुमारे १६.९ टक्के भूमीवर जंगल दिसले. १९८० ते १९८२ च्या चित्रांत ते १४.१ टक्के निघाले. तोपर्यंत कागदोपत्री जंगलाचे क्षेत्र याहून पुष्कळ मोठे होते. कागद एक सांगत होता आणि आकाशातून दिसणारे निराळे होते. पुढे भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने १९८७ पासून चित्रांवर आधारित अहवाल नेमाने काढायला सुरुवात केली. जंगलाच्या संधारणाला जो न्याय लागू, तोच आपल्या बागायत जमिनीलाही लागू आहे. सातबारा एक सांगतो आणि रान दुसरेच.

क्षारपड जमिनींचाही असाच देशव्यापी हिशेब उपग्रहाच्या चित्रांच्या मदतीने झालेला आहे. कर्नालची केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था, नागपूरचे राष्ट्रीय मृद सर्वेक्षण केंद्र आणि हैदराबादची दूरसंवेदन संस्था यांच्या कामातून देशात सुमारे ६७ लाख हेक्टर आणि महाराष्ट्रात सुमारे ६ लाख हेक्टर जमीन क्षारबाधित असल्याचे दिसून आले. पण देशाच्या नकाशावर आपल्या गावचा ओढा दिसत नाही. गावासाठी गावातच काम करावे लागते.

चित्र फसते तेव्हा

आपल्या शेती विभागातल्या मंडळींना सुरुवातीला वाटले, की ही मुलगी कचेरीत संगणकापुढे बसेल आणि चार महिन्यांनी नकाशा देऊन जाईल. तसे झाले नाही. पहिले तीन आठवडे तिने चित्रे पाहिली आणि त्यानंतर चिटबॉयच्या मोटारसायकलवर मागे बसून ती रानोमाळ फिरली. चित्रात जे दिसते ते जमिनीवर खरे आहे का, हे जाऊन पाहिल्याशिवाय नकाशा पुरा होत नाही. या विद्येत त्याला प्रत्यक्ष पडताळा म्हणतात.

पडताळ्यात काय काय निघाले ते ऐकण्यासारखे आहे. चित्रात पांढरा चमकणारा एक तुकडा मीठ फुटलेला धरला होता. तिथे जाऊन पाहिले तर चुनखडीची जमीन, त्यावर हरभरा निघून गेलेला. दुसरा तुकडा वीटभट्टीच्या राखेचा. तिसरीकडे निर्देशांक चांगला हिरवागार होता, म्हणून ते रान निरोगी धरले होते. तिथे ऊस नव्हताच. गुडघाभर पाण्यात पाणकणीस माजलेले होते. उपग्रहाला हिरवे दिसले, पण ते हिरवे कारखान्यात येत नाही.

सगळ्यात अवघड जमीन निघाली ती चोपण. खारवट जमिनीवर निदान पांढरा पापुद्रा दिसतो. चोपण जमिनीत सोडियमचे प्रमाण वाढून माती घट्ट होते, पाणी मुरत नाही, वाळली की दगडासारखी होते. पण वरून ती काळीच्या काळी. चित्रात शेजारच्या चांगल्या काळ्या रानापासून ती वेगळी काढणे कठीण जाते. तिथे मातीचा नमुना घेऊन सामू आणि क्षारता तपासल्याशिवाय गत्यंतर नाही. पावसाळ्यात तर ढगांमुळे महिना महिना चांगले चित्र हाती लागत नाही. ढगांतून पाहू शकणारे रडारचे उपग्रह आहेत. २०१९ च्या महापुरासारख्या वेळी पाणी कोठवर पसरले ते अशाच चित्रांवरून कळते. ३० जुलै २०२५ रोजी इस्रो आणि नासा यांनी मिळून श्रीहरिकोट्याहून सोडलेला निसार हा उपग्रहही रडारचाच आहे. पण मिठाचा पापुद्रा पाहायचा तर मार्च ते मे हेच महिने खरे. तोड झालेली असते, रान मोकळे असते आणि ऊन मीठ वर ओढून आणते.

चिटबॉयचे रजिस्टर आणि आकाशातला डोळा

तोड झालेले मोकळे रान आणि पीकच न येणारे रान एप्रिलच्या चित्रात एकसारखेच उघडे दिसते. हे दोन वेगळे काढायचे कसे? यावर उपाय सापडला तो आपल्या गट कार्यालयातल्या कपाटात. लागणीची नोंद, खोडवा की निडवा, आडसाली की सुरू, तोडणीची तारीख आणि गट नंबरवार आलेले टनेज, हे सारे आपल्या रजिस्टरांत वर्षानुवर्षे लिहिलेले आहे. तिने चित्र आणि रजिस्टर एकमेकांशी ताडले. जिथे तोडीची नोंद आहे ते रान नुसते मोकळे. जिथे ओळीने काही वर्षे नोंदच नाही आणि चित्रही उघडे, तिथे संशय धरायचा. जिथे टनेज वर्षागणिक उतरत गेले आणि उभ्या फडात ठिकठिकाणी टक्कल दिसते, तिथे रोग नुकता शिरतो आहे. संधारणाच्या दृष्टीने ही तिसरी जमीन सर्वांत महत्त्वाची, कारण ती अजून वाचवता येते.

जाता जाता एक गोष्ट सांगितली पाहिजे. लागणीची जी तारीख रजिस्टरात आहे आणि जी आकाशातून दिसते, त्यांत काही ठिकाणी महिना-दीड महिन्याचे अंतर निघाले. तोड लवकर मिळावी म्हणून कोणी तारीख मागे लिहून घेतो, हे गावात सर्वांना ठाऊक आहे. आम्ही येथे कोणाचे नाव घेत नाही. पण चुकीच्या नोंदीने नकाशाही चुकतो आणि शेवटी नुकसान सभासदांचेच होते, एवढे ध्यानात ठेवावे.

वरच्याचे पाणी, खालच्याचे मीठ

या चार महिन्यांच्या कामातून जे सर्वांत ठळकपणे पुढे आले, ते असे. क्षारपड जमीन बांधावर थांबत नाही.

नकाशावर पांढरे आणि संशयाचे तुकडे रंगवल्यावर ते गट नंबरांच्या चौकटीत बसेनात. ते ओढ्याच्या कडेने, सखल भागाने, जुन्या बुजलेल्या चरीच्या रेषेने पसरलेले दिसले. त्यांच्या वरच्या अंगाला पाहिले तर बारमाही ऊस आणि मोकाट पाणी. वरच्या रानात दिलेले जादा पाणी मुरते, खालच्या मुरमावरून किंवा कठीण थरावरून सरकते आणि सखल रानात वर येते. भूजल पातळी जमिनीच्या पाच-सहा फुटांच्या आत आली, की उन्हाने पाणी केशनळ्यांतून वर ओढले जाते; पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. वरच्या शेतकऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. त्याचा ऊस चांगला असतो. खालच्याला वाटते, आपलेच नशीब फुटके.

हे नवे ज्ञान नाही. निरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि पंचवीस वर्षांत तिथे जमिनी बिघडू लागल्या होत्या. पुणे कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी १९१० साली निरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर पुस्तिकाच काढली होती. शंभराहून अधिक वर्षे आपण हे ऐकत आलो. फरक इतकाच, की पूर्वी ऐकलेले आता नकाशावर दिसते, आणि दिसल्यावर नाकारता येत नाही.

तोटा किती होतो त्याचाही अंदाज द्यायला हवा. ऊस हे क्षार फारसे न सोसणारे पीक आहे. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता १.७ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली, की उत्पादन घटू लागते. पुढच्या प्रत्येक एककाला साधारण सहा टक्के. म्हणजे वाहकता ४ वर पोहोचली, की शंभर टनांच्या जागी शहाऐंशी-सत्त्याऐंशी टन. आणि ही घट डोळ्यांना दिसत नाही. आपण बियाण्याला दोष देतो, खताला दोष देतो, हवामानाला दोष देतो. (बऱ्याच प्रयोगशाळा एकास अडीच या प्रमाणातल्या पाण्याच्या द्रावणाचा आकडा देतात. तो याहून कमी असतो. दोन्ही आकडे एकमेकांशी ताडू नयेत. शेती विभागाकडून समजून घ्यावेत.)

एका गावच्या चावडीत हा नकाशा मांडला तेव्हा एक जुने सभासद म्हणाले, "पोरी, वरनं बघून माझ्या रानातलं मीठ दिसतंय, ते झालं. पर ते निघतंय कशानं, ते बी दिसतंय का?"

ती म्हणाली, "नाही तात्या. निघायचं ते खालनंच निघतं, आणि एकट्याच्या रानातनं निघत नाही."

सभासदांच्या शंका

बैठकांतून ज्या शंका पुन्हा पुन्हा आल्या, त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

*माझा गट नंबर नकाशावर लाल आला, तर सोसायटी कर्ज अडवेल काय? जमिनीची किंमत पडेल काय?* ही भीती खोटी नाही. ज्याच्या मुलीचे लग्न तोंडावर आहे, त्याला चार लोकांत आपल्या रानाला नाव ठेवलेले परवडत नाही. म्हणून शेती विभागाने ठरवले आहे, की चावडीत लागणारा नकाशा ओढा आणि पाणलोटाप्रमाणे असेल; त्यावर गट नंबर वा नावे असणार नाहीत. स्वतःच्या जमिनीची माहिती ज्याची त्याला गट कार्यालयात मिळेल. मात्र लपवून ठेवलेल्या क्षारपड जमिनीची किंमत वाढते असेही नाही. गिऱ्हाईक उन्हाळ्यात येऊन पाहतेच.

*जिप्सम टाकले की जमीन सुधारते, मग नकाशा कशाला?* खारवट जमिनीला जिप्समची गरजच नसते. तिला चांगल्या पाण्याने धुणे आणि निचरा हवा. जिप्सम लागते ते चोपण जमिनीला. त्यातला कॅल्शियम मातीतल्या सोडियमची जागा घेतो आणि सुटा झालेला सोडियम पाण्याबरोबर वाहून जायला लागतो. पण पाणी बाहेर पडायला वाटच नसेल, तर जिप्सम टाकणे म्हणजे मोरी तुंबलेली असताना वरून साबण ओतण्यासारखे आहे. आधी माती तपासावी, मग निचरा करावा, मग जिप्सम.

*मी माझ्यापुरता निचरा केला तर?* सच्छिद्र नळ्या आपल्या रानात तीन ते पाच फूट खोल घालता येतील. त्यातले पाणी सोडणार कोठे? खालच्याच्या रानात सोडले, तर त्याची जमीन जाईल आणि भांडण कोर्टात जाईल. मुख्य नळी किंवा चर ओढ्यापर्यंत न्यायची, तर ती चार-आठ जणांच्या बांधाखालून जाते. एकाने "माझ्या रानातून नाही" म्हटले, की सगळ्यांचे काम अडते. आपल्या भागात पाणी आणण्यासाठी लोकांनी एकत्र येऊन पाणीपुरवठा संस्था काढल्या, लिफ्ट उभ्या केल्या, कर्जे फेडली. पाणी आणायला जे एकत्र आले, त्यांना जादा पाणी बाहेर काढायला एकत्र यायला हरकत नसावी.

*उपग्रहावरून आमचे पाणी मोजून उद्या पाणीपट्टी वाढवतील?* या नकाशाचा त्याच्याशी संबंध नाही. त्यात पाणी मोजलेले नाही. जमीन आणि पीक पाहिले आहे. उलट, पाणी कोठे तुंबते ते कळल्याने ठिबकचा खर्च कोठे आधी करावा हे आपल्यालाच ठरवता येईल.

पुढे काय करावे

उमेदवारी संपली, मुलगी परत गेली, नकाशा कपाटात गेला, असे होऊ नये. पुढील कामे सभासदांनी व शेती विभागाने मिळून करायची आहेत.

१. नकाशात संशयित दाखवलेल्या पाणलोटांतील सभासदांनी उन्हाळ्यात, पहिल्या पावसाच्या आधी, मातीचे नमुने द्यावेत. एक फूट खोलीचा एक आणि दोन फुटांचा एक, असे वेगवेगळे. ज्या जागी पीक चांगले आहे तिथलाही एक नमुना असावा, म्हणजे तुलना होते.

२. विहीर वा बोअरच्या पाण्याचा नमुनाही सोबत आणावा. खारे पाणी देत राहून जमीन सुधारत नाही.

३. जुन्या चरी कोठे होत्या आणि कोणी कधी बुजवल्या, हे वयस्कर मंडळींनी गट कार्यालयात येऊन नकाशावर दाखवावे. ही माहिती कोणत्याही उपग्रहाजवळ नाही.

४. एका ओढ्यावरच्या सर्व सभासदांनी, वरच्या आणि खालच्या, मिळून बैठक घ्यावी. वरच्यांनी पाण्याच्या पाळ्या कमी कराव्यात, पाचट न जाळता सरीत ठेवावे. त्याने पाण्याची गरज कमी होते. खालच्यांनी धैंचा, तागासारखी हिरवळीची खते घेऊन रान मोकळे करावे.

५. निचऱ्याचा आराखडा जाणकारांकडूनच करून घ्यावा. सांगली जिल्ह्यातील कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात या विषयावर काम झालेले आहे. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडून ऊस जमिनीविषयी सल्ला मिळतो. शासनाच्या योजना आणि अनुदान वेळोवेळी बदलतात. त्यासाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे चौकशी करावी.

आपल्या मुला-मुलींसाठी

शेवटी एक गोष्ट घराघरांत बोलली जावी म्हणून लिहितो. सभासदांची मुले आता पदवीधर होत आहेत आणि नोकरी नाही म्हणून कट्ट्यावर बसत आहेत. ज्यांनी भूगोल, कृषी, भूशास्त्र, पर्यावरण किंवा संगणक घेतला आहे, त्यांना दूरसंवेदनाचे शिक्षण घेता येते. देहरादूनची भारतीय दूरसंवेदन संस्था १९६६ सालापासून हे काम शिकवते आणि घरबसल्या शिकण्याचे ऑनलाइन अभ्यासक्रमही चालवते. हैदराबादला राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्र आहे. नागपुरात १९८८ सालापासून महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे. जंगल, पाणथळी, धरणांचे गाळ, दुष्काळ, पीक विमा, मृद्संधारण अशा कितीतरी कामांत ही माणसे लागतात.

पालकांनी एवढे जाणून असावे, की उमेदवारीत विद्यावेतन बहुधा थोडे असते आणि काही ठिकाणी मुळीच नसते. म्हणून उमेदवारी पत्करताना राहण्याची सोय, फिरण्याचा खर्च आणि मार्गदर्शक कोण, हे आधी लेखी विचारून घ्यावे. मुलीला शिवारात एकटीने फिरावे लागू नये, हेही पाहावे. आपल्याकडे आलेल्या मुलीच्या सोबत नेहमी शेती विभागाचा माणूस असे, आणि दुपारची भाकरी कोणत्या ना कोणत्या सभासदाच्या घरी होत असे. त्याबद्दल त्या माऊल्यांचे आभार मानले पाहिजेत.

आमचे निरीक्षण असे, की या कामात शेतकऱ्याचे मूल मागे पडत नाही. संगणक कोणालाही शिकता येतो. पण चित्रात दिसणारा हिरवा ठिपका खोडव्याचा आहे की पाणकणसाचा, हे ज्याने लहानपणी बांधावरून शाळा गाठली, त्याला लवकर उमगते. पुढच्या हंगामात ज्यांना अशी उमेदवारी करायची असेल, त्यांनी महाविद्यालयाच्या पत्रासह शेती विभागाकडे अर्ज करावा. सभासदांच्या पाल्यांना प्राधान्य मिळावे, अशी आमची विनंती शेती विभागाने मान्य केली आहे. उरलेल्या गावांचे काम त्यांनीच पुढे न्यावे.

नकाशाची एक प्रत प्रत्येक गट कार्यालयात ठेवलेली आहे. सभासदांनी ती जरूर पाहावी. ज्यांचे रान चांगले आहे त्यांनीही पाहावी, कारण आपले पाणी कोणाच्या रानात मीठ होऊन निघते, हे त्यांना तिथेच कळेल. नमुन्याच्या पिशव्या गट कार्यालयात मिळतील. पाऊस पडण्यापूर्वी त्या भरून परत याव्यात, ही विनंती.